एका कपाटाचा जीर्णोद्धार

इ. स. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांतील गोष्ट. शिकागो शहराच्या पश्चिमेस आमच्या चिरंजीवांचें घर आहे. तेथें आम्ही उभयतां सहा महिन्यांच्या मुक्कामासाठीं गेलों होतों, आणि परक्या देशांत दुपार कशी घालवावी हा आमच्यापुढें रोजचा प्रश्न होता. एके दिवशीं दाराशीं एक भाड्याची मालमोटार येऊन उभी राहिली, व तींतून तिघां जणांनीं हाश्शहुश्श करीत पुरुषभर उंचीचें एक लांकडी कपाट खालीं उतरविलें. आम्हांस वाटलें, सूनबाईंनीं धान्य ठेवावयास कांहीं आणविलें असावें. परंतु सूनबाई दारांत आल्या त्या कमरेवर हात ठेवून. 'हें घरांत येणार नाहीं. मोटारीच्या खोलींत राहील,' एवढेंच म्हणून त्या आंत गेल्या. चिरंजीव मात्र बाजारांतून बैल आणल्याप्रमाणें त्याच्या पाठीवरून हात फिरवीत उभे होते.

जवळ जाऊन पाहतों तों दोन्ही अंगांस केंसाळ राक्षसांचीं चित्रें, मधोमध एक काळी कांच, तिच्याखालीं बटणें, आणि त्याहून खालीं एका लोखंडी दारांत नाणें टाकण्याची फट. ती फट पाहिली मात्र, आणि आमच्या पोटांत गोळा आला. याचें कारण सांगावयाचें तर सत्तावीस वर्षें मागें जावें लागेल.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढें वाईस एका शास्त्रीबुवांच्या पायांशीं बसून लघुकौमुदी व दोन काव्यें वाचलीं, शिक्षकाची पदविका घेतली, आणि तेवढ्या शिदोरीवर साताऱ्यास प्राथमिक शाळेंत अडतीस वर्षें मास्तरकी केली. सायंकाळीं वाड्यांत पेठेंतल्या मुलांस संस्कृत शिकवावें हा परिपाठ. वाड्यांत त्या वेळीं वडील, दादा-वहिनी, त्यांचीं तीन मुलें, आम्ही उभयतां व आमचीं दोन, असा दहा माणसांचा संसार एका चुलीवर चाले. १९९६ सालीं एस. टी. स्टँडामागच्या बोळांत एक व्हिडिओ गेमचें दुकान निघालें. रुपयाचें नाणें टाकावें आणि पडद्यावरच्या गुंडांशीं मारामारी करावी. मुलांत 'मुस्तफा' या नांवानें गाजलेला खेळ तेथें होता. त्याचें खरें नांव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असून तो एका जपानी कंपनीनें १९९३ सालीं काढला, ही माहिती आम्हांस या अमेरिकेच्या मुक्कामांत मिळाली. त्या वेळीं आमच्या लेखीं तें दुकान म्हणजे द्यूतगृहच होतें. वर्गांत आम्ही युधिष्ठिराचा दाखला देऊन त्यावर प्रवचनें झोडीत असूं.

मुलगा अकरा वर्षांचा होता. संस्कृतच्या एका परीक्षेची फी म्हणून पंचवीस रुपये त्याच्या हातीं दिले होते. ते त्यानें भरलेच नाहींत असें आठवड्यानें कळलें. आम्ही तडक त्या बोळांत गेलों. अंधाऱ्या खोलींत बाटल्यांचा पालथा क्रेट पायांखालीं घेऊन तो उभा होता, व त्याच्याभोंवतीं पांचसहा पोरें गोळा झालीं होतीं. म्हणजे या विद्येंत त्यास कांहीं लौकिक होता असें दिसतें. आम्हीं त्यास कानाला धरून बाहेर काढलें आणि भर रस्त्यांत दोन थोबाडींत दिल्या. घरीं आल्यावर दप्तर उलटें केलें, तों त्यांतून एक वही पडली. शंभर पानी वही, अर्धीअधिक भरलेली. कोणत्या टप्प्यावर कोणता गुंड कोणत्या बाजूनें येतो, किती ठोशांनीं पडतो, कोठें वांकावें, कोठें उडी मारावी. बाण, वर्तुळें, आंकडे, सर्व शाईनें आणि नीट समास सोडून लिहिलेलें. आम्हीं ती वही मागच्या अंगणांतल्या पेटलेल्या बंबांत घातली. पोर खांबाशीं उभें राहून पाहत होतें, रडलें नाहीं. वडील झोंपाळ्यावर बसले होते. कागदास पाय लागला तर वांकून नमस्कार करणारा तो माणूस. ते एवढेंच म्हणाले, 'वही कां जाळलीस?' आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

पुढें मुलगा शिकला, इंजिनियर झाला, परदेशीं गेला. लोक आमच्या शिस्तीची वाखाणणी करीत, व आम्ही ती करूं देत असूं. वहीचा विषय त्यानें कधीं काढला नाहीं. आम्हींहि काढला नाहीं.

असो. कपाटाकडे वळूं. एका वृद्ध गृहस्थांच्या पश्चात् त्यांचें घर रिकामें होत असतां तें विकावयास निघालें होतें. चारशें डॉलर पडले, आणि चालू स्थितींत नव्हतें. चारशें डॉलर मोजून बंद पडलेली वस्तु घरीं आणणें हा व्यवहार आमच्या पिढीस समजण्यासारखा नाहीं. तळघरांतल्या ओलीनें बूड सुजलें होतें. दाबलेल्या भुशाची फळी पाणी प्याली कीं भाकरीसारखी फुगते. नाण्यांच्या दाराची किल्ली हरवलेली, म्हणून कुलूप भोंक पाडून काढावें लागलें. आंत उंदरांनीं कागद कुरतडून केलेलें घरटें, एक केंसांतली पिन, आणि पाव डॉलरचीं सात नाणीं मिळालीं. पाव डॉलर म्हणजे पंचवीस सेंट. एका खेळाचें मोल तेवढेंच होतें. पंचवीस हा आंकडा आमच्या मागें लागलेला दिसतो.

खेळाचें नांव 'स्पेस इन्व्हेडर्स', म्हणजे अंतराळांतून चालून आलेले शत्रु. त्याचे कर्ते जपानी, तोमोहिरो निशिकादो. तैतो नांवाच्या कंपनींत ते नोकरीस होते. सुमारें वर्षभर खपून त्यांनीं खेळ तर रचलाच, पण तो चालविणारें यंत्रहि स्वतः जुळविलें, आणि १९७८ सालीं तें लोकांपुढें आलें. पहिल्यानें त्यांनीं शत्रु म्हणून रणगाडे, विमानें, माणसें घालून पाहिलीं होतीं. परंतु माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ बरा नव्हे असें ठरलें. तेव्हां वेल्स या इंग्रज लेखकाच्या मंगळावरील स्वारीच्या कादंबरींतले अष्टपाद प्राणी त्यांस आठवले, व त्या धर्तीवर त्यांनीं समुद्रांतले अष्टपाद, खेकडे, माकुल असे शत्रु काढले. अमेरिकेंत हीं यंत्रें काढण्याचा परवाना 'मिडवे' कंपनीनें घेतला, आणि तिचा कारखाना शिकागोच्या शेजारींच होता. म्हणजे आमच्या दारांत उतरलेलें कपाट कोणी परदेशस्थ पाहुणा नव्हे. परके तेथें आम्हीच होतों.

पडद्यावर पांच रांगांत अकरा-अकरा असे पंचावन्न शत्रु उभे राहतात. खालीं आपली एकच तोफ, मध्यें आडोशाला चार बुरूज. शत्रूंची फौज एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकते, कडेला पोंचली कीं एक पायरी खालीं उतरते. खालच्या दोन रांगांतील शत्रु मारला तर दहा गुण, मधल्या दोहोंचा वीस, सर्वांत वरचा तीस. जसजसे शत्रु मरतात तसतसे उरलेले अधिक वेगानें धांवूं लागतात, आणि शेवटचा एकटा तर डोळ्यांस ठरत नाहीं. ही युक्ति मुद्दाम योजलेली नव्हती. यंत्र एका वेळीं एकच शत्रु हलवूं शकतें. पंचावन्नांची पाळी पुरी होण्यास वेळ लागतो, पांचांची लवकर होते. निशिकादोंनीं हा दोष पाहिला आणि खेळास रंग चढतो म्हणून तसाच राहूं दिला. आमच्या नातवाचें वय नऊ. त्यानें हें ऐकून विचारलें, 'म्हणजे वर्गांत मुलं कमी असलीं कीं मास्तर लवकर-लवकर प्रश्न विचारतात, तसं का, आजोबा?' अगदीं तसेंच.

दुसऱ्या आठवड्यांत चिरंजीव म्हणाले, 'बाबा, लांबी भरायला याल का?' लांकूडकाम आम्हांस नवें नाहीं. वाड्याचीं दारें आम्हीं व दादांनीं मिळून दुरुस्त केलेलीं आहेत. सुजलेलें बूड करवतीनें कापून काढलें, त्या जागीं प्लायवुडचा तुकडा सरस लावून शिकंज्यांत रात्रभर दाबून ठेवला, मग लांबी, मग कांचकागद. आधीं जाड, नंतर बारीक. हातास काम लागल्यावर दुपार कोठें गेली हें कळेनासें झालें. थंडी वाढली तशी सूनबाईंनीं विजेची शेगडी आणून ठेवली, चारच्या सुमारास चहा येऊं लागला. सौभाग्यवती मात्र एकदां येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, 'साताऱ्याच्या माझ्या फडताळाची बिजागरी तीन वर्षं मागतें आहे!' यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें व अद्यापि नाहीं.

दुरुस्तींतला भयंकर भाग म्हणजे पिक्चर ट्यूब. यंत्र बंद केल्यावरहि तिच्यांत दहा हजार व्होल्टांहून अधिक दाबाची वीज कोंडून राहूं शकते, आणि ती आधीं बाहेर काढावी लागते. चिरंजीवांनीं लांब पात्याच्या स्क्रूड्रायव्हरला तार बांधून तिचें दुसरें टोंक लोखंडी सांगाड्यास अडकविलें, डावा हात पाठीमागें धरला, कारण दोन्ही हात लागले तर वीज छातींतून जाते, आणि तें पातें ट्यूबवरच्या रबरी टोपीखालीं हळूच सरकविलें. 'टक्' असा आवाज झाला. आम्ही भिंतीशीं उभे. तेथेंच उभें राहण्याचा आम्हांस हुकूम होता. इतर वेळीं चिरंजीवांचा हुकूम ऐकण्यांत आम्हांस कांहीं वाटलें असतें. त्या वेळीं फक्त तो पाठीमागें धरलेला हात दिसत होता.

मग बोर्डांची पाळी आली. वीज पुरविणाऱ्या भागांतले कपॅसिटर चाळीस वर्षांत आंतून सुकतात. ते एकेक काढून त्या जागीं नवे डाख देऊन बसविले. सबंध खेळ चार चिपांत लिहिलेला आहे व प्रत्येकींत २,०४८ अशीं एकंदर ८,१९२ घरें आहेत, असें चिरंजीवांनीं सांगितलें, तेव्हां आम्हांस एक हिशेब सुचला. पूर्वीं पोथ्या नकलणारे लेखक बत्तीस अक्षरांस एक 'ग्रंथ' असें माप धरीत व त्यावर मजुरी घेत. अनुष्टुभाचीं अक्षरें बत्तीस म्हणून तें माप, आणि गद्यासहि तेंच लावीत. एका घरास एक अक्षर धरून ८,१९२ ला बत्तिसांनीं भागलें तर बरोबर २५६ ग्रंथ येतात. शेष कांहीं नाहीं. गीतेचे श्लोक सातशें. म्हणजे तिच्या निम्म्याहूनहि कमी जागेंत पंचावन्न शत्रु, चार बुरूज, तोफ आणि गुणांचा हिशेब हें सर्व बसविलेलें आहे. सूत्रकारांच्या लाघवाची थोरवी आम्हीं जन्मभर गाइली. हें लाघव त्या जातीचेंच. आम्हीं हिशेब सांगितला तेव्हां चिरंजीव हातांतली कावीळ रंगाची तार तशीच धरून पाहत राहिले. मग म्हणाले, 'ही गोष्ट मीं उद्यां ऑफिसांत सांगणार.' आमची विद्या त्यांच्या कचेरींत जाण्याची ही पहिलीच वेळ.

जेवतांना खेळांच्या इतिहासाच्या गोष्टी निघत. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनीं १९४२ सालीं पिनबॉलच्या यंत्रांवर बंदी आणली व जप्त झालेलीं यंत्रें घणांनीं फोडविलीं. ती बंदी १९७६ पर्यंत राहिली. आणि खुद्द या 'स्पेस इन्व्हेडर्स'ला आळा घालावा म्हणून १९८१ च्या मे महिन्यांत जॉर्ज फोक्स नांवाच्या सभासदानें ब्रिटिश पार्लमेंटांत विधेयक आणण्याची परवानगी मागितली होती. मुलें पैसे चोरतात, शाळा बुडवितात, असें त्यांचें म्हणणें. ९४ विरुद्ध ११४ मतांनीं तें फेटाळलें गेलें. नातवानें विचारलें, 'आजोबा, तुम्हीं कोणत्या बाजूला मत दिलं असतं?' आम्ही खरें तेंच बोललों, फोक्ससाहेबांच्या बाजूला. सूनबाई हंसल्या. चिरंजीवांनीं ताटांतल्या भातांत आमटी घेतली.

त्याच रविवारीं साताऱ्याशीं व्हिडिओ कॉल झाला. वहिनींचें वय आतां अठ्याहत्तर. कपाट दाखवितांच त्यांनीं चष्मा सावरला. 'तेंच का रे हें? ज्याच्यापायीं मार खाल्लास तें?' आणि मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, 'भाऊजी, तो रोजचा रुपया मीच देत असें हो त्याला. तुम्हांला कोण सांगणार!' चौकशीअंतीं असें निष्पन्न झालें कीं, ही गोष्ट वाड्यांतील प्रत्येक माणसास ठाऊक होती, फक्त आमच्याखेरीज. दादा मागें बसून सुपारी कातरीत होते. त्यांनीं मानहि वर केली नाहीं. एकत्र कुटुंबांत कांहीं लपत नाहीं असें म्हणतात. तें कोणापासून, हें पाहिलें पाहिजे.

नोव्हेंबरच्या प्रारंभीं पहिल्यानें वीज दिली, तेव्हां पडद्यावर नुसत्या आडव्यातिडव्या रेघा उमटल्या. स्मृतीच्या चिपांपैकीं कांहीं नासल्या होत्या. कोणत्या, हें शोधण्यांत चार रात्री गेल्या. एके सकाळीं चिरंजीव कामावर गेल्यानंतर आम्हांस बांकावर त्यांची वही पडलेली दिसली. उघडीच होती. कोणत्या चिपेच्या कोणत्या पायावर किती व्होल्ट, काय बदललें, काय झालें. बाण, वर्तुळें, आंकडे, आणि नीट समास सोडलेला. आम्हीं ती मिटून ठेवली. मग वाटलें, उघडी होती तशीच असावी. म्हणून पुन्हां उघडून ठेवली.

आतां आरशाची हकीकत. या कपाटाची खरी गंमत तीच आहे. पिक्चर ट्यूब खेळणाराच्या समोर नाहींच; ती खालीं, आकाशाकडे तोंड करून निजविलेली आहे. तिच्यावर एक तिरपा अर्धपारदर्शक आरसा. खेळणारास दिसतो तो पडदा नव्हे, पडद्याचें प्रतिबिंब. आणि आरशाच्या पलीकडे रंगविलेली चंद्रभूमि, तिच्यावर जांभळट दिव्याचा उजेड. त्यामुळें शत्रु चंद्रावरच्या आकाशांत तरंगत आहेत असा भास होतो. प्रतिबिंब उलटें पडतें, म्हणून ट्यूबवर अक्षरें मुळांतच उलटीं उमटवितात. ट्यूब काळी-पांढरी, रंगासाठीं पारदर्शक रंगीत पट्ट्या लावलेल्या असतात व शत्रु तिच्याआड आला कीं रंग पालटतो. वेदांत्यांस बिंबप्रतिबिंबाचा इतका आयता दृष्टांत दुसरीकडे मिळावयाचा नाहीं. पण त्या वाटेस आम्ही लागलों कीं आमचे विद्यार्थी जांभया देत, तें स्मरून येथेंच थांबतों.

हा आरसा काढून फडक्याखालीं भिंतीशीं टेकून ठेवला होता. त्यावर चाळीस वर्षांची धूळ. एके दुपारीं घरांत कोणी नव्हतें, लांकूडकाम संपलेलें, हात रिकामे. आरसा ओल्या वर्तमानपत्रानें घांसून पुसावा हा आमचा घरचा पाठ. सूनबाईंची खिडक्या पुसण्याची निळी बाटली घेतली, कागदाचा बोळा केला आणि घांसूं लागलों. तिसऱ्या हाताला बोळ्यावर चांदी आली. साध्या आरशाचा मुलामा मागें असतो, त्यावर रंग असतो. याचा मुलामा एका बाजूवर उघडाच, श्वासाइतका पातळ, हें आम्हांस कोठून ठाऊक? चार बोटें लांब आणि दोन बोटें रुंद एवढा भाग स्वच्छ कांच होऊन आमच्याकडे पाहूं लागला.

त्यानंतरचे तीन तास आम्ही त्या थंड खोलींत स्टुलावर बसून काढले. आरसा पुन्हां फडक्याखालीं ठेवून द्यावा, बोलूं नये, असाहि विचार मनांत येऊन गेला हें कबूल करतों. अशा प्रसंगीं मुलें काय-काय करतात तें सर्व आम्हांस अडतीस वर्षांच्या अनुभवानें पाठ होतें. स्वतः त्या बांकावर बसण्याचा प्रसंग प्रथमच आला.

चिरंजीव साडेपांचला आले. आम्हीं फडकें काढलें आणि झालें तें सांगितलें. ते खालीं बसले, आरसा उजेडाकडे तिरपा करून पाहिला, निळी बाटली वाचून पाहिली. 'अमोनिया आहे त्यांत,' ते म्हणाले. 'मीच सांगायला हवं होतं, बाबा. असूं दे.'

आम्ही पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिलों. पुढें कांहीं आलें नाहीं. त्यांनीं कोट काढून खिळ्याला लावला आणि डाख देण्याचें हत्यार तापत ठेवलें.

'ती वही,' आम्ही म्हणालों. 'जाळायला नको होती.'

कोणती वही, असें त्यांनीं विचारलें नाहीं. बराच वेळ ते तारेचें टोंक सोलीत होते.

'सहाव्या टप्प्याला चूक होती तींत,' ते शेवटीं म्हणाले. 'तिथून पुढं मीं कधीं पोंचलोंच नाहीं.' मग जरा थांबून, 'आबांनीं तुम्हांला कांहीं विचारलं होतं तेव्हां. तुम्ही काय म्हणालांत तें मला ऐकूं आलं नव्हतं.'

'कांहींच म्हणालों नव्हतों.'

'बरं,' ते म्हणाले, आणि कोपऱ्यांतला ब्रश उचलून त्यांनीं आमच्या हातीं दिला. नाण्यांच्या दाराला काळा रंग द्यावयाचा राहिला होता. सूनबाईंनीं जेवणासाठीं हांक मारीपर्यंत आम्हीं तो दिला.

तसा आरसा नवा करवितां येतो. चिरंजीवांनीं जुनाच बसविला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत नासक्या चिपा बदलून झाल्या, व एका रात्रीं कपाटाच्या पोटांतून चार जड सुरांचा ठेका ऐकूं आला, छातीच्या ठोक्यासारखा. मागच्या उघड्या दारांतून वांकून आम्हीं प्रथम पाहिलें तें ट्यूबवरचें उलट्या अक्षरांचें जग. मग पुढें येऊन पाहिलें तर चंद्रभूमीवर पंचावन्न जण ओळींत उभे. उजवीकडे वरच्या अंगास जेथें आमचा प्रताप आहे, तेथें येतांच शत्रु अंधुक होतो, पलीकडे गेला कीं पुन्हां उजळतो. नातवानें त्या जागेस 'आजोबांचा ढग' असें नांव ठेवलें असून, तेथें शत्रु असतां नेम धरणें अधिक कौशल्याचें, म्हणून त्याचे दुप्पट गुण धरावे असा त्याचा आग्रह आहे. यंत्र तो मानीत नाहीं.

पहिला मान आम्हांस मिळाला. आंत सांपडलेल्या सात नाण्यांपैकीं एक चिरंजीवांनीं आमच्या हातीं ठेवलें व तें आम्हीं त्या फटींत टाकलें. आमची तोफ पहिल्या मिनिटांतच दोनदां फुटली. 'बाबा, बुरुजामागें उभे राहा. कडेची ओळ आधीं मारा, म्हणजे ते खालीं उशिरां येतील,' असें चिरंजीव मागून सांगत होते. आवाज चढला नव्हता, पण मास्तरचाच होता. आमचे गुण झाले १७०. नातवाचे १,४९०.

सूनबाईंचे किती, हें त्या सांगावयास तयार नाहींत. मात्र फेब्रुवारींत आम्ही परत येईपर्यंत पुष्कळदां रात्रीं दहानंतर मोटारीच्या खोलींतून तो चार सुरांचा ठेका ऐकूं येत असे, आणि त्या वेळीं चिरंजीव व नातू दोघेहि झोंपलेले असत.